निदान विकत घेतलं म्हणून औषध तोडायचं?

इंग्लंडमध्ये प्रौढांच्या एडीएचडीचा, म्हणजे लक्ष एकाग्र ठेवणं अवघड करणाऱ्या विकाराचा, विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येतं. डॉक्टरांच्या बैठकांत ते असतं, वर्तमानपत्रांत असतं आणि तिथं स्थायिक झालेल्या मराठी मंडळींच्या गप्पांतही असतं. मत असं: ज्याला वाट बघवली नाही त्यानं पैसे टाकून खासगी क्लिनिकमधून निदान करून घेतलं. पैसे घेणारा ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं कशाला सांगेल? आता त्या कागदाच्या जोरावर त्याला दर महिन्याचं औषध सरकारी सेवेकडून, म्हणजे एनएचएसकडून, हवं आहे. त्याच्या जीपीनं, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरनं, ते लिहून द्यायला नकार दिला तर बिघडलं कुठं? खासगीत सुरू केलंत ना, मग खासगीतच चालवा. परवडत नसेल तर इतरांसारखे रांगेत उभे राहा.

ऐकायला हे न्यायाचं वाटतं. मला ते न्यायाच्याच कसोटीवर टिकणारं वाटत नाही. पण खंडन करायचं तर पूर्वपक्ष दुबळा करून मांडण्यात अर्थ नाही. मुंबईत शिकलेले आणि आता मिडलंड्समध्ये जीपी असलेले माझ्या परिचयाचे एक डॉक्टर तो जितक्या सचोटीनं मांडतात तितका मी इतर कुणाकडून ऐकलेला नाही. ‘अहो, प्रिस्क्रिप्शनवर सही माझी असते,’ ते म्हणतात. ‘उद्या त्या माणसाचं ब्लडप्रेशर चढलं, छातीत धडधडायला लागलं, तर जाब मला विचारणार. ज्यांनी औषध सुरू केलं त्या सायकियाट्रिस्टना मी ओळखत नाही. फोन लावला तर रेकॉर्ड केलेला आवाज ऐकू येतो. पेशंटनं त्यांची फी भरायचं थांबवलं की ते त्याला डिस्चार्ज करून मोकळे. मग उरलो मी एकटा. आणि या सगळ्याचे मला वेगळे पैसे नाहीत.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही. जो सही करतो त्याच्यावर औषधाची कायदेशीर जबाबदारी, हे एनएचएस इंग्लंडनं २०१८ च्या मार्गदर्शनात स्पष्टच लिहिलं आहे. तज्ज्ञानं सुरू केलेलं औषध पुढं जीपीनं लिहीत राहायचं, या व्यवस्थेला तिथं शेअर्ड केअर म्हणतात, आणि ती जीपींच्या मूळ कंत्राटात येत नाही. जीपीनं मान्य केली तर होते, नाही केली तर होत नाही.

व्यवस्थेची घडण थोडी समजून घेऊ. नाइस या संस्थेची एडीएचडीबद्दलची सध्याची मार्गदर्शक तत्त्वं मार्च २०१८ मधली आहेत. त्यांनुसार निदान प्रशिक्षित तज्ज्ञानं करायचं. औषध द्यायचं ठरलं तर प्रौढांसाठी पहिली पसंती लिस्डेक्सअँफेटामिन किंवा मिथाइलफेनिडेट यांना. मात्रा कमीतून सुरू करून हळूहळू वाढवायची आणि दर टप्प्यावर नाडी नि रक्तदाब बघायचे. मात्रा बसली, रुग्ण स्थिरावला, की पुढचं लिहून देणं आणि तपासणं शेअर्ड केअरनं प्राथमिक सेवेकडं सोपवायचं. म्हणजे जीपीकडं काम उरतं ते दर महिन्याच्या प्रिस्क्रिप्शनचं, आणि सहा-सहा महिन्यांनी नाडी, रक्तदाब, वजन नोंदवण्याचं. औषध अजून हवं का, मात्रा बरोबर आहे का, याचा वर्षातून किमान एकदा तज्ज्ञाकडून आढावा व्हायचा. कागदावर ही साखळी नीट आहे. ती तुटते मधल्या कडीला, जिथं तज्ज्ञाकडून जीपीकडं जायचं असतं.

आता ‘खासगी’ या एका शब्दाखाली दोन फार वेगळी माणसं येतात, हे प्रचलित मत विसरतं. एक, जो स्वतःच्या खिशातून निदानाला काही शे पौंड, पुढं मात्रा बसवायला आणखी पैसे आणि दर महिन्याला औषधाची पूर्ण किंमत मोजतो. दुसरा, जो राइट टू चूजनं गेला. इंग्लंडमध्ये २०१४ पासून मानसिक आरोग्याच्या उपचारांसाठीही रुग्णाला आपली सेवा निवडण्याचा कायदेशीर हक्क आहे. निवडलेली संस्था स्वतंत्र असली तरी तिचा एनएचएसशी करार असतो, जीपीच त्याला तिथं पाठवतो आणि बिल एनएचएस भरतं. हा माणूस कुठल्याही अर्थानं खासगी रुग्ण नाही. त्यानं काही विकत घेतलेलं नाही. तरीही अनेक ठिकाणी मात्रा बसल्यावर त्याला जीपीकडून तेच पत्र येतं: आमची प्रॅक्टिस बाहेरच्या संस्थांबरोबर शेअर्ड केअर करत नाही. आणि गोष्ट इथंही थांबत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं जीपींना सामूहिक कृतीची हाक दिली तेव्हा सुचवलेल्या पर्यायांत कंत्राटाबाहेरची ऐच्छिक कामं नोटीस देऊन सोडण्याचाही एक होता. अशी नोटीस निघाली की एनएचएसच्याच रुग्णालयात निदान झालेला रुग्णही त्याच पत्राचा धनी होऊ शकतो.

नकाराचं कारण खरोखर ‘विकत घेतलेलं निदान’ हे असतं, तर ज्यानं विकत घेतलं त्यालाच तो मिळाला असता. ज्यानं एक पौंडही दिला नाही त्यालाही तोच नकार मिळत असेल, तर कारण दुसरं आहे. ते कारण असं की, तज्ज्ञानं काम संपवल्यानंतरच्या पुढच्या अनेक वर्षांची जबाबदारी कुणाच्याच नावावर लिहिलेली नाही आणि तिच्यासाठी पैसेही ठेवलेले नाहीत. नैतिक आक्षेप नंतर येऊन त्या रिकाम्या जागेवर बसला आहे.

तरी दर्जाचा मुद्दा वेगळा तपासावा लागेल, कारण त्यात तथ्य आहे. १५ मे २०२३ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’नं एक कार्यक्रम दाखवला. त्यात एका बातमीदाराला तीन खासगी क्लिनिकनी व्हिडिओवरून तपासून एडीएचडी असल्याचं सांगितलं. एनएचएसच्या तज्ज्ञानं मात्र तीन तासांहून जास्त वेळ घेऊन, त्याला तो नाही असा निष्कर्ष काढला. तेव्हापासून ‘पॅनोरमा पाहिला नाहीत का?’ हा वादाचा शेवटचा शब्द झाला आहे. मला त्या कार्यक्रमाची किंमत कमी करायची नाही. उत्तेजक औषध चुकीच्या माणसाला देणं ही साधी गोष्ट नव्हे.

पण त्यातून सिद्ध काय होतं, हे नेमकं पाहू या. घाईनं केलेली तपासणी वाईट असते, हे सिद्ध होतं. पैसे घेऊन केलेली प्रत्येक तपासणी घाईची असते, हे होत नाही. अनेकदा तोच सायकियाट्रिस्ट आठवड्यातले काही दिवस एनएचएसमध्ये असतो आणि उरलेल्या वेळात खासगी पेशंट बघतो. त्याची नोंदणी जनरल मेडिकल काउन्सिलकडं असते आणि सीक्यूसी ही नियामक संस्था इंग्लंडमधल्या दोन्ही प्रकारच्या सेवांवर देखरेख करते. निदानाचा कस त्याच्या कागदावर दिसतो. बारा वर्षांच्या आधीपासूनची लक्षणं आहेत का, ती कशावरून ठरवली? शाळेचे जुने शेरे पाहिले का, आईशी किंवा जोडीदाराशी बोलणं झालं का? घर आणि काम अशा दोन्हीकडं त्रास दिसतो का? चिंता, नैराश्य, बायपोलर, झोपेचा विकार, व्यसन यांचा विचार केला का? घरात कुणाला तरुणपणी हृदयविकार होता का, औषधाआधीचा रक्तदाब किती होता? ज्या पत्रात याची उत्तरं आहेत ते पत्र चांगलं, मग लेटरहेड कुठलंही असो. ज्यात नाहीत ते कच्चं, मग ते एनएचएसच्या रुग्णालयाचं का असेना. यूके अ‍ॅडल्ट एडीएचडी नेटवर्कशी संबंधित तज्ज्ञांनी २०२४ मध्ये प्रौढांच्या निदानासाठी दर्जाचं एक मानकही प्रसिद्ध केलं. मोजपट्टी तयार असताना दाराचा रंग बघून निकाल देणं हा वैद्यकशास्त्राचा मार्ग नव्हे.

आणि समजा, निदान खरंच कच्चं आहे. मग नकारानं काय साधतं? त्या माणसाचं औषध बंद होत नाही. तो त्याच क्लिनिककडून ते घेत राहतो, आणि ज्या डॉक्टरला त्याची पूर्ण फाइल माहीत आहे, त्याचं जुनं ब्लडप्रेशर, वडिलांचा हार्टअटॅक, दुसऱ्या चालू गोळ्या ठाऊक आहेत, तोच या उपचाराच्या बाहेर राहतो. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी नकार देतो असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर दिलं पाहिजे. निष्काळजी क्लिनिकची भीती असेल तर पेशंटला त्याच क्लिनिकच्या एकट्या हाती ठेवणं हा सर्वांत कमी सुरक्षित पर्याय आहे.

आता न्यायाकडं येतो. या मताची सगळी ताकद न्यायाच्या भावनेत आहे, आणि माझा सर्वांत मोठा मतभेदही तिथंच आहे.

रांग खरी आहे आणि भयंकर आहे. एनएचएस इंग्लंडच्या अंदाजाप्रमाणे मार्च २०२५ अखेर एडीएचडीच्या तपासणीसाठी थांबलेल्यांची संख्या ५ लाख ४९ हजारांपर्यंत होती. निदान न झालेले धरून इंग्लंडमध्ये एडीएचडी असलेले लोक २५ लाखांच्या घरात असावेत, हाही त्यांचाच अंदाज. काही भागांत ही वाट वर्षानुवर्षांची आहे. अशा वेळी एखाद्यानं पैसे देऊन पुढं जावं हे खुपतं, आणि ते खुपायलाच हवं. पण ज्यानं खासगीत तपासून घेतलं तो रांगेतून बाहेर पडला. त्यानं एनएचएसच्या तज्ज्ञाचे दोन-तीन तास वापरले नाहीत, ते मागच्या माणसासाठी मोकळे राहिले. शेअर्ड केअर नाकारल्यावर त्याला काय सांगितलं जातं? ‘आम्ही तुम्हाला एनएचएसच्या एडीएचडी सेवेकडं पाठवतो, तिथं पुन्हा तपासणी होईल.’ म्हणजे निदान झालेला, औषधानं बरं वाटणारा, मात्रा बसलेला माणूस पुन्हा त्याच रांगेत जाऊन बसतो आणि आपला नंबर आला की तेच दोन-तीन तास वापरतो. त्याच्या मागं बसलेल्या, ज्याची पहिलीसुद्धा तपासणी झालेली नाही अशा, कदाचित कुठं गोदामात रात्रपाळी करणाऱ्या मुलाचा नंबर तेवढ्यानं मागं जातो. ज्या गरिबाच्या नावानं हा नियम सांगितला जातो त्याचीच वाट त्यामुळं लांबते.

शिवाय हा नियम नेमका कुणाला लागतो? खऱ्या श्रीमंताला शेअर्ड केअर लागतच नाही. तो दर महिन्याची फी आणि औषधाची किंमत सहज भरतो आणि आयुष्यभर खासगीत राहतो. नकाराचा फटका बसतो तो ज्यानं एकदाचे पैसे कसेबसे जमवले त्याला. क्रेडिट कार्डवर काढले, आईवडिलांकडून घेतले, नोकरी जायची वेळ आली म्हणून घेतले. त्याला वाटलं होतं, मात्रा बसेपर्यंतच खर्च आहे, मग प्रिस्क्रिप्शनला ९.९० पौंड. इंग्लंडमधला एनएचएसच्या प्रत्येक औषधामागचा दर २०२४ पासून तोच आहे. पैशाच्या जोरावर मिळालेला फायदा काढून घेण्याचा दावा करणारा हा नियम प्रत्यक्षात भरपूर पैसेवाल्याला हात लावत नाही, थोडे पैसेवाल्याला मोडतो.

आणि मुळात ही एनएचएसची परंपरा नाही. १९४८ मध्ये एनएचएस सुरू झाली तेव्हापासून तज्ज्ञ डॉक्टर दोन्हीकडं काम करत आले, रुग्णही इकडून तिकडं जात आले. म्हणून तर त्याचे नियम करावे लागले. खासगी प्रॅक्टिसबद्दलच्या २००४ च्या आचारसंहितेत सांगितलं आहे की, खासगी सल्ला घेऊन एनएचएसकडं आलेल्या रुग्णाला, तो सल्ला एनएचएसमध्येच मिळाला असता तर तो ज्या टप्प्यावर असता, त्याच टप्प्यावर घ्यावं. त्याला पुढं ढकलायचं नाही आणि मागंही ढकलायचं नाही. फाटलेल्या लिगामेंटचा एमआरआय खासगीत काढला म्हणून तो फेकून देऊन रुग्णाला पहिल्या पायरीवर कुणी पाठवत नाही. एडीएचडीलाच वेगळा न्याय का? मला याचं एक उत्तर दिसतं, आणि ते सुखावणारं नाही. प्रौढांचा हा आजार खराच असतो का, अशी शंका अजून अनेकांच्या मनात आहे. ती उघड मांडली तर पुराव्यानिशी वाद करावा लागेल. पैशाच्या आडून मांडली की वाद करावा लागत नाही.

त्या शंकेचंच दुसरं रूप म्हणजे ‘हे काही इन्शुलिन नाही’ हा युक्तिवाद. थोडे महिने गोळी नाही मिळाली तर माणूस काही मरत नाही, असं म्हणतात. इथं कायद्याची एक बारीक गोष्ट सांगायला हवी. मिथाइलफेनिडेट आणि लिस्डेक्सअँफेटामिन ब्रिटनमध्ये दुसऱ्या अनुसूचीतली नियंत्रित औषधं आहेत. प्रिस्क्रिप्शन २८ दिवसांत वटवावं लागतं, एका वेळी ३० दिवसांपेक्षा जास्त लिहू नये असा दंडक आहे, आणि अनेक महिन्यांचं औषध एकदाच लिहून केमिस्टकडून हप्त्याहप्त्यानं घेण्याची जी सोय इतर गोळ्यांना आहे ती यांना नाही. खासगीत लिहायचं तर गुलाबी रंगाचा वेगळा फॉर्म लागतो. आणि इन्शुलिन संपलेल्या माणसाला केमिस्ट आपल्या अधिकारात तातडीची मदत म्हणून थोडं औषध देऊ शकतो. ही दोन औषधं त्याला तशी देताच येत नाहीत, कायद्यानं मनाई आहे. म्हणजे ज्या उपचारात एक कागद चुकला की औषध थांबतं, आणि ज्या रुग्णाला तारखा, फॉर्म, फोन हेच सांभाळणं आजारामुळं अवघड जातं, त्याच ठिकाणी व्यवस्था सर्वांत कमी उसंत देते.

त्या खंडाचं रूप मी एका ओळखीच्या बाईंच्या घरात पाहिलं आहे. त्या मूळच्या पुण्याच्या, रेडिंगजवळ सॉफ्टवेअरमध्ये काम करतात. निदान पुण्यातच एका खासगी मानसोपचारतज्ज्ञांनी केलं होतं, मिथाइलफेनिडेट सुरू होतं. पुण्यात तरी ते सोपं कुठं होतं? आपल्याकडं हे औषध अनुसूची एक्समध्ये येतं, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक केमिस्ट ठेवून घेतो, आणि ते ठेवणारी दुकानंच मोजकी. व्हिसा झाला, नियमाप्रमाणे आरोग्य अधिभार भरला, जो फेब्रुवारी २०२४ पासून नोकरीच्या व्हिसावरच्या प्रौढासाठी वर्षाला १,०३५ पौंड आहे. तिकडच्या जीपीनं पुण्याच्या कागदावर औषध द्यायला नकार दिला, इथल्या तज्ज्ञाचं पत्र आणा म्हणाला. ते समजण्यासारखं होतं. त्यांनी ब्रिटनमध्ये खासगीत पुन्हा तपासून घेतलं, पुन्हा निदान तेच आलं, मात्रा बसली, पत्र गेलं. उत्तर आलं: आम्ही खासगी संस्थांबरोबर शेअर्ड केअर करत नाही. दोन देशांतल्या दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे एकच निदान केलं आणि अधिभारही भरलेला, तरी त्या एनएचएसच्या दृष्टीनं आजाराशिवायच्या राहिल्या.

आता त्या औषध काटकसरीनं वापरतात. ओट्यावर वारांची नावं असलेला प्लास्टिकचा डबा आहे, त्यातले शनिवार आणि रविवारचे कप्पे मुद्दाम रिकामे. पाच दिवस ऑफिसचे, कारण नोकरीवर व्हिसा अवलंबून आहे. उरलेले दोन दिवस औषधाविना. शनिवारी मुलाचा पोहण्याचा क्लास असतो, तिथं त्या आता गाडी चालवत नाहीत, नवऱ्याला पाठवतात. एकदा लाल सिग्नल दिसूनही ब्रेकवर पाय उशिरा गेला, तेव्हापासून. पुण्याहून आई फोनवर म्हणते, ‘अगं, मी इथून घेऊन कुरिअरनं पाठवते ना!’ त्यांना आईला समजावून सांगावं लागतं की असं औषध परवान्याशिवाय पोस्टानं पाठवणं दोन्ही देशांत गुन्हा आहे.

गाडीचा तो निर्णय भित्रेपणाचा नाही. स्वीडनमधल्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१४ मध्ये जामा सायकियाट्रीत आला. एडीएचडी असलेल्या पुरुषांत औषध चालू असलेल्या काळात गंभीर वाहन अपघातांचा धोका औषध नसलेल्या काळापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी दिसला. त्याआधी २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २५ हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. औषध चालू असताना गुन्ह्यांचं प्रमाण पुरुषांत ३२ टक्क्यांनी आणि स्त्रियांत ४१ टक्क्यांनी कमी होतं. या अभ्यासांचा विशेष असा की त्यांत त्याच माणसाचे औषधाचे आणि बिनऔषधाचे काळ एकमेकांशी ताडून पाहिले होते, त्यामुळं ‘मुळात शिस्तीचे लोकच औषध घेतात’ हा आक्षेप बराचसा गळून पडतो. हे नोंदींवरचे अभ्यास आहेत, प्रयोग नव्हेत, आणि त्यांतून कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध होतो असं मी म्हणणार नाही. पण अपघात आणि गुन्हे या गोष्टी ‘थोडी बेचैनी’ या खात्यात घालता येत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्रीत ब्रिटनमधल्या जीपींच्याच नोंदींचा अभ्यास आला. निदान झालेल्या प्रौढ पुरुषांचं अपेक्षित आयुर्मान ६.७८ वर्षांनी आणि स्त्रियांचं ८.६४ वर्षांनी कमी निघालं. औषधानं ही वर्षं परत मिळतात असं त्यात म्हटलेलं नाही. हा आजार हलका नाही, एवढं मात्र त्यावरून निश्चित म्हणता येतं.

‘निम्मे लोक तर स्वतःच औषध सोडतात’ असंही सांगतात. अनेक देशांतल्या नोंदींवरून तसं दिसतं खरं, पहिल्या वर्षातच निम्म्याहून अधिक थांबतात. पण त्या नोंदीत औषध सोडणारा आणि ज्याचं औषध सोडवलं गेलं तो, हे दोघं सारखेच दिसतात.

२७ सप्टेंबर २०२३ रोजी ब्रिटनच्या आरोग्य खात्यानं एडीएचडीच्या औषधांच्या टंचाईची राष्ट्रीय सूचना काढली. त्या टंचाईत ही मधली कडी किती कच्ची आहे ते सगळ्यांना दिसलं. एक औषध मिळेना, दुसरं द्यावं तर मात्रा नव्यानं बसवायला हवी. जीपी म्हणे, औषध बदलणं माझ्या अधिकारात नाही, तज्ज्ञाकडं जा. तज्ज्ञ म्हणे, तुम्हाला आमच्याकडून डिस्चार्ज झालेला आहे, नवा रेफरल आणा. टंचाई कंपन्यांची होती, पण रुग्णाला पुन्हा रांगेच्या शेवटी नेऊन उभं केलं ते या व्यवस्थेनं.

जीपी डॉक्टरांच्या तक्रारीकडं पुन्हा वळतो, कारण ती मला मान्य आहे आणि तिचं उत्तर रुग्णाला दोष देऊन मिळत नाही. काम वाढलं आहे, पैसे नाहीत, पाठीशी तज्ज्ञ नाही. मग पैसे मागा, तज्ज्ञ मागा. काम आवाक्याबाहेरचं आहे असं मात्र म्हणू नये. बायपोलरच्या रुग्णांना लिथियम हेच जीपी शेअर्ड केअरनं वर्षानुवर्षं देत आले आहेत, आणि लिथियम कितीतरी अवघड औषध. रक्तातली पातळी थोडी चढली तरी विषबाधा होते, मूत्रपिंड आणि थायरॉइड बघत राहावं लागतं. त्यापुढं सहा महिन्यांतून एकदा नाडी, रक्तदाब आणि वजन हे नर्सचं दहा मिनिटांचं काम. प्रशिक्षित फार्मासिस्टनाही २०१२ पासून ही नियंत्रित औषधं लिहिण्याचा अधिकार आहे. अनेक जीपी प्रॅक्टिसमध्ये असे फार्मासिस्ट आता नोकरीलाच असतात.

उरतो पैशाचा आणि जबाबदारीचा प्रश्न, आणि तो जीपीचा एकट्याचा नाहीच. जुलै २०२२ मध्ये इंग्लंडचे आरोग्य व्यवहार प्रादेशिक मंडळांकडं आले; तेव्हा ती ४२ होती. आपल्या भागातल्या जीपींना एडीएचडीच्या शेअर्ड केअरसाठी वेगळा करार आणि वेगळी रक्कम देणं त्यांच्या हातात आहे. काही मंडळांनी ते केलंही आहे. तिथं नकार कमी मिळतात, आणि ‘विकत घेतलेलं निदान’ हा शब्दप्रयोगही कमी ऐकू येतो, हे माझं निरीक्षण आहे. एनएचएस इंग्लंडनं मार्च २०२४ मध्ये प्राध्यापक अनिता थापर यांच्या अध्यक्षतेखाली जे कार्यदल नेमलं, त्याचाही रोख याच दिशेचा होता: एडीएचडी एकट्या तज्ज्ञांच्या दालनात ठेवून भागणार नाही, प्राथमिक सेवेला त्यात खरा वाटा हवा.

पत्राचा प्रश्नही असाच सुटण्याजोगा आहे. मंडळानं एकदा ठरवून सांगावं की कुठल्या गोष्टी असलेलं निदानपत्र ग्राह्य आहे. त्या असतील तर ते कुणाचंही असो, स्वीकारावं. नसतील तर एनएचएसच्या तज्ज्ञानं कागद पाहून जे अपुरं आहे तेवढंच विचारावं, सगळी तपासणी पहिल्यापासून करू नये. त्या पडताळणीला वेळ लागेल. तेवढ्या काळात, रक्तदाब आणि नाडी ठीक असेल तर, आहे ती मात्रा चालू ठेवण्याचं प्रिस्क्रिप्शन कुणी लिहायचं हे करारातच नाव घालून लिहिलेलं असावं, म्हणजे जीपीला एकट्यानं धोका पत्करल्यासारखं वाटणार नाही.

मिडलंड्सच्या डॉक्टरांचा एक आक्षेप यानंतरही शिल्लक राहतो, आणि तो त्यांच्या सगळ्या आक्षेपांत वजनदार आहे. खासगी क्लिनिक बंद पडलं, किंवा रुग्णाला त्याची वार्षिक फी झेपेना, तर वर्षाचा आढावा कोण घेणार? आज याचं उत्तर ‘कुणीच नाही’ असं आहे, म्हणून जीपी पहिल्या दिवशीच हात आखडता घेतात. पण स्थिर रुग्णाचा वार्षिक आढावा म्हणजे नवी तपासणी नव्हे. झोप कशी आहे, भूक कशी आहे, कामावर कसं चाललं आहे, मात्रा बदलायची का, मध्ये थोडा काळ थांबवून बघायचं का, एवढं विचारायला अर्धा तास पुरतो, आणि ते काम अनुभवी नर्स किंवा फार्मासिस्टही तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करू शकतात. एनएचएसनं हा अर्धा तास प्रत्येक निदान झालेल्या माणसासाठी, तो कुठल्याही दारानं आलेला असो, स्वतःकडं घ्यावा. नवी तपासणी करायला जे तीन तास लागतात त्यात असे सहा आढावे होतात.